गोव्यावरच्या निसर्गपटात जुनं फुटेज कसं वापरावं

गोव्याच्या निसर्गावरच्या कार्यक्रमात जुनं फुटेज दोन कारणांसाठी लागतं. पहिलं, जे आज चित्रित करताच येणार नाही ते दाखवण्यासाठी: पूल नसलेली मांडवी, खाण लागण्याआधीचा डोंगर, साळावली धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधीचं कुर्डी गाव. दुसरं, हंगाम हुकला, परवानगी आली नाही किंवा बजेट संपलं म्हणून राहिलेली फट बुजवण्यासाठी. पहिल्या वापरात शॉट पुरावा असतो, दुसऱ्यात भर असते. बहुतेक घोळ दुसऱ्या वापरात होतात, कारण भरीचा शॉटही प्रेक्षक पुरावा म्हणूनच पाहतो. त्यामुळे शॉट कोणी, कुठं आणि कधी घेतला हे कळेपर्यंत तो एडिटच्या टाइमलाइनवर चढवू नये, मग तो कितीही देखणा असो.

यादी आणि शोध

संहिता हातात आली की आधी शॉटांची यादी करा. प्रत्येक ओळीत प्रसंग क्रमांक, प्राणी किंवा जागा, महिना, दिवस की रात्र, दूरचा की जवळचा शॉट, किती सेकंद हवेत आणि तो नाही मिळाला तर काय, एवढं लिहा. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. मिळेलच असं धरून लिहिलेलं निवेदन नंतर चुकीच्या चित्रावर बसवलं जातं.

शोधताना एकाच नावावर थांबू नका. प्राण्याचं स्थानिक नाव, इंग्रजी नाव, आजचं शास्त्रीय नाव आणि जुनं शास्त्रीय नाव, चारही टाका. गावांचंही तेच. पोर्तुगीज काळातल्या सूचींत पणजी ‘नोव्हा गोवा’ म्हणून आणि सगळा मुलूख ‘इंदिया पोर्तुगेझा’ किंवा ‘इश्तादु दा इंदिया’ म्हणून सापडतो. रोमन लिपीत शोधताना अक्षरांवरच्या खुणांसह एकदा आणि खुणांशिवाय एकदा शोधा, काही सूची दोन्हींत फरक करतात.

जुन्या सूचीत ‘वन्यजीव’ हा शब्द क्वचितच भेटतो. निसर्ग दुसऱ्याच विषयांच्या आड लपलेला असतो: बंदर, भातशेती, मासेमारी, रेल्वे, पाहुण्यांचे दौरे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाच्या शॉटमागं किनारा दिसतो, मिठागराच्या शॉटमागं खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची जमीन) आणि खारफुटी. म्हणून वर्णन वाचून नाकारू नका, पूर्वदृश्य मागवा आणि पार्श्वभूमी पाहा.

फिल्म्स डिव्हिजन (स्थापना १९४८) आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) २०२२मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाले, त्यामुळे दोन्हींसाठी चौकशी तिथंच करायची. दूरदर्शनच्या साहित्यासाठी प्रसार भारतीचा संग्रह आहे. १९६१पूर्वीच्या गोव्यासाठी लिस्बनमधल्या सिनेमातेका पोर्तुगेझाचा चलच्चित्र संग्रह आणि पोर्तुगालच्या आरटीपी वाहिनीचा संग्रह तपासा. वन खात्याचे कॅमेरा ट्रॅप (प्राणी आला की आपोआप चित्र घेणारे कॅमेरे) आणि दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या दोन जागा लोक विसरतात. आणि गावोगावचे व्हिडिओवाले. लग्न-जत्रांच्या मिनीडीव्ही टेपांत त्या वर्षीची नदी, तो सडा (जांभ्याचं पठार), ते तळं असतंच.

शॉटची ओळख पटवणं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. पेटीवरची चिठ्ठी खरी धरू नका. टेप पुन्हा वापरलेली असते, पेट्यांची अदलाबदल झालेली असते.

काळ ठरवायला गोव्यात पूल फार उपयोगी पडतात. मांडवीवरचा जुना पूल जुलै १९८६मध्ये कोसळला, अटल सेतू जानेवारी २०१९मध्ये खुला झाला. नदीच्या शॉटमध्ये किती पूल आहेत आणि कोणते, यावरून काळाच्या दोन्ही कडा मिळतात. दूधसागरच्या शॉटमध्ये रूळ पाहा: मीटरगेज (एक मीटर रुंदीचा जुना मार्ग) असेल तर तो १९९०च्या दशकातल्या गेजबदलाच्या आधीचा. करमळीच्या तळ्याजवळ रेल्वेमार्ग दिसला तर शॉट कोकण रेल्वेच्या बांधकामाच्या आधीचा असू शकत नाही. १६ मिमी फिल्म असेल तर कडेचे ठसे बघा. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा चिन्हांनी फिल्म बनवल्याचं वर्ष नोंदलेलं असतं. चिन्हं वीस वर्षांनी पुन्हा येतात, त्यामुळे १९५८ की १९७८ हे चित्रातल्या गाड्या, कपडे, पाट्या पाहून ठरवावं लागतं. शिवाय ते वर्ष फिल्म बनवल्याचं, चित्रीकरण त्यानंतर कधीही झालेलं असू शकतं.

हंगामाची खूण वनस्पती देतात, पण जपून. हिरवंगार भात म्हणजे पावसाळा असं समजू नका, वायंगणाचं (पावसाळ्यानंतरच्या भाताचं) शेत फेब्रुवारीतही हिरवं असतं. सडा मात्र फसवत नाही. ऑगस्टमधला फुललेला सडा आणि मार्चमधला उघडा जांभा यांत गल्लत होत नाही.

नकाशावरची नावंही काळाबरोबर बदलतात. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ची. १९८५च्या शॉटवर ‘म्हादई अभयारण्य’ लिहिणं चूक, तिथं ‘सत्तरी तालुका’ लिहा. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८चं. ३० मे १९८७पूर्वी गोवा राज्य नव्हतं, ‘गोवा, दमण आणि दीव’ हा केंद्रशासित प्रदेश होता.

आता प्राणी. विकाऊ फुटेजच्या ग्रंथालयांत गोव्यासाठी तीन सापळे कायम लावलेले असतात.

पहिला, राज्यपक्ष्याचा. गोव्याचा लालकंठी बुलबुल फक्त पश्चिम घाटात आढळतो. पूर्वी तो आणि काळ्या तुऱ्याचा बुलबुल एकाच जातीत मोडत, त्यामुळे जुन्या शास्त्रीय नावानं शोधलं की थायलंडचे आणि हिमालयाचे पक्षीही समोर येतात. डोक्यावर तुरा असेल तर तो आपला नाही. आपल्याचं डोकं काळं, तुरा नाही, गळा लालभडक.

दुसरा, धनेशाचा. ‘काळा-पांढरा धनेश’ म्हणून मिळणारे पुष्कळ शॉट आग्नेय आशियातल्या जातीचे असतात. मलबारी कवड्या धनेशाच्या चोचीवरच्या शिंगाची वरची धार लांबपर्यंत काळी असते आणि शेपटीची बाहेरची पिसं पूर्ण पांढरी असतात. त्या दुसऱ्या जातीत शिंगाच्या पुढच्या टोकाला काळा डाग असतो, आणि बाहेरची पिसं काळी, फक्त टोकं पांढरी. उडतानाचा शॉट मागा, शेपटी त्यातच नीट दिसते.

तिसरा सापळा कासवांचा, आणि तो सगळ्यात घातक. ऑलिव्ह रिडलेच्या विणीचं मिळणारं बहुतेक चित्रण ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांचं असतं, जिथं हजारो माद्या एकदम किनाऱ्यावर येतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं मादी एकटी येते, रात्री येते. मोरजीच्या निवेदनावर ओडिशाचा लोंढा चढवला की गोव्यात कासवं मुबलक आहेत असा समज पसरतो, आणि एकेका घरट्याची राखण करणाऱ्यांच्या कामावर पाणी पडतं. ओडिशाचा शॉट हवाच असेल तर पडद्यावर ‘ओडिशा’ लिहा आणि फरक सांगा, त्या फरकातूनच प्रसंग उभा राहतो. दिवसाउजेडी समुद्राकडे जाणारी पिल्लं बहुधा माणसांनी सोडलेली असतात. तसं असेल तर निवेदनात सांगा.

गव्यांच्या शॉटमागं कोरडं सागवान दिसलं तर ते गोव्यातलं मोलेचं रान आहे असं धरून चालू नका. बंदिस्त प्राण्यांचे शॉटही ओळखायला शिका: पायाखाली सपाट झालेली माती, मागच्या जाळीमुळे झालेला धुरकटपणा, फारच जवळून घेतलेलं स्थिर चित्र. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयातला शॉट वापरायला हरकत नाही, रानातला म्हणून वापरायला आहे. शंका असेल तर तीन-चार स्थिर चित्रं काढून त्या गटाच्या अभ्यासकाकडे पाठवा आणि उत्तर लेखी घ्या.

हक्क

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६०मध्ये प्रकाशित झालेला माहितीपट २०२०च्या अखेरीस मुक्त झाला. ही ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. कोणाच्या कपाटात पडून राहिलेली, कधीच न दाखवलेली खाजगी रिळं कितीही जुनी असली तरी त्यांचं घड्याळ सुरूच झालेलं नसू शकतं. पोर्तुगालमधल्या साहित्याला युरोपचा नियम लागतो, तिथं मुख्य दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि संगीतकार यांतला शेवटचा गेल्यानंतर ७० वर्षं. गोव्यात चित्रित झालं म्हणून तिथल्या हक्काची मुदत कमी होत नाही, त्यामुळे कार्यक्रम युरोपात दाखवायचा असेल तर हे आधीच तपासा.

हक्क संपला तरी प्रत फुकट मिळते असं नाही. संग्रहालय शोध, स्कॅन आणि प्रतीसाठी पैसे घेतं, ते बजेटमध्ये धरा.

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हा समज मनातून काढून टाका, कायद्यात असं काही नाही. कलम ५२मधली न्याय्य वापराची सूट खाजगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांपुरती आहे. धनेशावरचा तासाभराचा कार्यक्रम त्यात बसत नाही.

परवाना लेखीच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘वापरा हो’वर थांबू नका. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वर्षभरात वापर केला नाही तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, मिळालेला हक्क संपल्याचं धरलं जाऊ शकतं. निसर्गपट दोन-तीन वर्षं रखडणं नेहमीचं, म्हणून हे वाक्य करारात घालाच: ‘एक वर्षात वापर न झाल्यास हक्क रद्द होणार नाही.’ त्याखेरीज लिहायचं ते: शॉटचा टाइमकोड (टेपवरची वेळ) सुरुवात ते शेवट, माध्यमं (टीव्ही, ओटीटी, महोत्सव, शाळा, जाहिरात-झलक), भाषा, श्रेयनामावलीतला मजकूर, आणि देणारा स्वतः हक्कधारक असल्याची हमी.

हमी महत्त्वाची, कारण चित्रीकरण करणारा आणि हक्कधारक वेगळे असू शकतात. चित्रपटाच्या हक्काचा पहिला मालक सहसा निर्माता असतो. व्हिडिओवाल्यानं कोणाच्या ऑर्डरवर शूटिंग केलं असेल तर त्या माणसाचीही सही घ्या. संगीत आणि निवेदकाचा आवाज यांचे हक्क वेगळे, म्हणून जुन्या माहितीपटातून शक्यतो चित्रच घ्यावं, आवाज नको. ग्रंथालयातल्या क्लिपवर ‘फक्त संपादकीय वापर’ असं लिहिलं असेल तर ती प्रायोजकाच्या झलकेत जाणार नाही.

अभयारण्यात चित्रीकरणाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम २८खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. कोणाचं अलीकडचं फुटेज घेताना त्या परवानगीची प्रत मागा, वाहिनी ती नंतर मागू शकते.

टेपा आणि रिळं गोव्याच्या हवेत

गोव्यातल्या जुन्या साहित्याचा पहिला शत्रू ओलावा. कॅसेटच्या खिडकीतून पाहा. टेपच्या कडेवर पांढरी किंवा करडी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती टेप मशीनमध्ये घालू नका: बुरशी हेडवर चिकटते, मग पुढच्या प्रत्येक टेपवर जाते. तशी टेप सिलिका जेलसह वेगळ्या पिशवीत बंद करा आणि साफसफाई करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या.

एसी खोलीतली टेप बाहेरच्या दमट हवेत आणून लगेच चालवली की तिच्यावर पाणी धरतं आणि टेप ड्रमला चिकटून सुरकुतते. जिथं मशीन आहे त्या खोलीत २४ तास ठेवा, मग चालवा. जून ते सप्टेंबर डीह्युमिडिफायर नसलेल्या खोलीत डबे उघडूच नका. साठवणीसाठी साधारण १८ ते २० अंश आणि ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता धरा.

रिळाचा डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलं आहे. ते रीळ बाकीच्या रिळांपासून लगेच दूर करा, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. आकसून वाकडं होण्याआधी स्कॅन होणं ही एकच वाट, त्यामुळे त्याचा नंबर पहिला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती झपाट्यानं पेटते. घरी ठेवू नका, प्रोजेक्टरवर चढवू नका, संग्रहालयाला कळवा.

१६ मिमीचं ४०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमनं सुमारे ११ मिनिटं चालतं. स्कॅन २के (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद) पुरतो. थोडं क्रॉप आणि स्थिरीकरण करायचं असेल तर ४के करा. कडेचे ठसे आणि छिद्रं दिसतील असा पूर्ण गेट (फिल्मची पूर्ण रुंदी), सपाट रंगात, प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीपीएक्स या दर्जा राखणाऱ्या फाइल-प्रकारांत मागा. लॅबला ‘रंग सुधारून द्या’ सांगू नका, ते एडिटनंतरचं काम.

मिनीडीव्ही टेप फायरवायर केबलनं आहे तसा डेटा म्हणून उतरवा, तासाला साधारण १३ जीबी. पिवळ्या व्हिडिओ केबलनं उतरवली की दर्जा फुकट जातो. नव्या संगणकांना फायरवायर नसतं, त्यासाठी जुना संगणक सांभाळून ठेवा. एलपी मोडमध्ये (टेप हळू फिरवून जास्त वेळ) रेकॉर्ड केलेली टेप दुसऱ्या मशीनवर चौकटी टाकत असेल तर ज्या कॅमेऱ्यानं काढली तोच शोधा, बहुतेक वेळा तिथं ती नीट चालते.

एडिटवर

पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) टेपचं चित्र ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम, ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं). आधी डीइंटरलेस (फील्डपासून पूर्ण फ्रेम करणं), मग मोठं करणं. क्रम उलटला की दोन्ही फील्डच्या रेघा एकमेकांत कायमच्या मिसळतात. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडिफ फिल्टर प्रत्येक फील्डची फ्रेम करून ५० फ्रेम देतो, आणि पक्ष्यांच्या उड्डाणाला तेच हवं. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं, इतर पाल कॅप्चरमध्ये बहुधा वरचं. क्रम चुकला तर उडणारा पक्षी पुढं-मागं थरथरताना दिसतो.

पिक्सेल चौकोनी नसतात, त्यामुळे सेटिंग चुकलं तर गवा लठ्ठ किंवा रोडका होतो. फ्रेममधला सूर्य किंवा पूर्ण चंद्र गोल दिसतो का ते पाहा.

४:३ चित्र १६:९मध्ये भरायला वर-खाली कापलं की ५७६तल्या ४३२ ओळी उरतात, म्हणजे एचडीसाठी अडीच पट ताणायचं. शिवाय लांबची शेपटी किंवा झाडाचा शेंडा कापला जातो. पुराव्याचा शॉट कापू नका, दोन्ही बाजूंना काळं सोडा. भरीच्या शॉटला कापणं चालतं, तेही प्रत्येक शॉट वेगळा बसवून.

जुन्या मूक रिळांचा वेग बहुधा सेकंदाला १६ किंवा १८ फ्रेम. १८चं २५वर चालवलं की हालचाल ३९ टक्के वेगवान होते, बगळा सिनेमातल्या विनोदवीरासारखा चालतो. योग्य वेगासाठी काही फ्रेम पुन्हा वापरा. मधल्या फ्रेम संगणकानं तयार करायचा पर्याय पंखांजवळ फाटतो.

एआयनं रिझोल्यूशन वाढवणं इथं धोक्याचं आहे. ते सॉफ्टवेअर नसलेला तपशील रचतं. वाघाची ओळख पट्ट्यांवरून आणि पक्ष्याची पिसांच्या खुणांवरून होते, आणि नेमका तोच भाग ते स्वतःच्या अंदाजानं भरतं. ग्रेन (फिल्मचे कण) कमी करणंही हलक्या हातानं, नाहीतर पाणी आणि पालवी मेणासारखी होते. धूळ, ओरखडे, हलणारी फ्रेम काढा. फिकट पडलेला रंग सुधारा, पण जांभ्याचा लाल आजच्या ड्रोन शॉटशी जुळवण्यासाठी भडक करू नका.

आवाज, निवेदन, मथळे

लांबच्या लेन्सनं घेतलेल्या शॉटला बहुधा स्वतःचा आवाज नसतो, तो बसवावाच लागतो. त्याच जातीचा, त्याच हंगामातला घ्या. सत्तरीतल्या डिसेंबरच्या शॉटवर पावसाळी बेडकांचा कोरस ऐकला की जाणकार टीव्ही बंद करतो. शक्य असेल तर त्याच जागी जाऊन दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज रेकॉर्ड करा, आणि जुन्या शॉटवर टाकण्याआधी त्यातून आजच्या रस्त्याचा, बोटींचा गोंगाट वगळा.

निवेदनात जुन्या शॉटवर वर्तमानकाळ नको. ‘इथं पाणमांजरं खेळतात’ असं १९९०च्या शॉटवर म्हणणं म्हणजे आजची साक्ष देणं. ‘तेव्हा दिसत’ म्हणा. मथळ्यात ठिकाण आणि वर्ष, तीन-चार सेकंद, प्रत्येक नव्या स्रोताच्या पहिल्या शॉटवर. वर्ष नक्की नसेल तर ‘१९८०चं दशक’. मथळा एचडीच्या सुरक्षित चौकटीत ठेवा, वाहिनीचा लोगो कुठं येतो ते विचारून.

दोन वेगवेगळे प्राणी जोडून एकाची गोष्ट रचणं निसर्गपटात चालत आलं आहे. जात, जागा, हंगाम एक असेल आणि वागणूक सर्वसाधारण असेल तर ठीक. ‘ही तीच वाघीण’ असं म्हणायचं असेल तर पट्टे जुळले पाहिजेत. घरट्यापुढच्या फांद्या छाटून घेतलेले जुने शॉट, अंडी गोळा करताना किंवा शिकार करतानाचे शॉट वापरले तर तेव्हा काय चालायचं आणि आज ते गुन्हा का आहे, हे निवेदनात त्याच जागी यावं. घरटं, गुहा, विणीची जागा ओळखू येईल अशी खूण फ्रेममध्ये असेल तर कापा. नव्या क्लिपा मिळाल्या की फाइलमधले जीपीएस तपशील पुसून मगच पुढं पाठवा, मूळ प्रत कुलपात राहू द्या.

लॉक झालेल्या (आता न बदलणाऱ्या) एडिटवरून अंतिम नोंदवही काढा: प्रत्येक जुन्या शॉटचा कार्यक्रमातला टाइमकोड, मूळ टाइमकोड, सेकंद, मालक, परवान्याचा क्रमांक व मुदत, ओळख कोणी पटवली. काही ग्रंथालयं किमान सेकंदांचं बिल लावतात, त्यामुळे दीड सेकंदाचे चार तुकडे एका लांब शॉटपेक्षा महाग पडू शकतात. मास्टर (पूर्ण दर्जाची प्रत) मागवण्याआधी ते मोजा. मास्टर मागवताना दोन्ही टोकांना २५-२५ फ्रेम जास्त घ्या. सगळ्या स्कॅनच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक गोव्याबाहेर, सोबत चेकसम (फाइल बदलली नाही हे तपासायचा आकडा). ज्यांनी कपाटातून टेप काढून दिली त्यांना स्कॅनची एक प्रत आणि मूळ टेप, दोन्ही परत पोचल्याची पोच घेऊन फाइलला लावा.